सत्तर जागांचं वाङ्मय

जिंदादिल भाऊसाहेब पाटणकर १९९७ साली गेले. तेव्हा मोबाइल म्हणजे आम्हा यवतमाळकरांसाठी मुंबईची बातमी होती. पेशानं वकील, नादानं शिकारी आणि मराठीत शायरी रुजवणारा हा माणूस दोन-चार ओळींत मैफल ताब्यात घ्यायचा. आता त्यांचे शेर सकाळी सकाळी माझ्या फोनवर येऊन पडतात. मागे गुलाबाचा नाहीतर उगवत्या सूर्याचा फोटो, खाली भलत्याचंच नाव. कधी व. पु., कधी पु. ल., कधी नुसतंच 'आवडलं तर पुढे पाठवा'. लिहिणारा यवतमाळचा, पाठवणारा यवतमाळचा, वाचणाराही यवतमाळचा, आणि तिघांची एकमेकांना ओळख नाही.

'मोबाइलनं भाषेचं वाटोळं केलं' असं म्हणणाऱ्यांच्या हातात हा आयताच पुरावा. आमच्याकडे कोणताही साहित्यिक कार्यक्रम असो, एक वक्ता हे वाक्य टाकतोच आणि त्याला टाळ्या पडतातच. मी आर्णी रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी मराठीत एम. ए. केलं, सेट-नेट काही जमली नाही, मग सोल्डरिंग शिकलो. त्यामुळे या भांडणात मी दोन्हीकडचा. माझं म्हणणं एवढंच आहे की वक्ते ज्याला मेसेज म्हणतात तो फॉरवर्ड असतो, आणि फॉरवर्डमध्ये वाङ्मय शोधायला गेलं की गुलाबच सापडणार. मेसेजचं खरं वाङ्मय एका माणसानं एकाच माणसासाठी टाइप केलेल्या निरोपात आहे. ते आमच्या जिल्ह्यात भरपूर लिहिलं गेलं, अजूनही लिहिलं जातं, आणि कुणी त्याची नोंद ठेवत नाही.

आधी थोडं यंत्राचं सांगतो, कारण छंद कुठून आला हे कळल्याशिवाय कविता कळत नाही. पहिला मेसेज गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडात. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरनं संगणकावरून नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. पण त्या मेसेजची लांबी ठरली होती त्याच्या कितीतरी आधी, १९८५ च्या सुमारास जर्मनीत. फ्रीडहेल्म हिलेब्रांड हा गृहस्थ टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजत बसला. पोस्टकार्डावर माणसं किती लिहितात, टेलेक्सवर किती लिहितात, तेही पाहिलं. एकशे साठ पुरेत, असं ठरलं. म्हणजे मेसेजचा बाप पोस्टकार्ड. ज्यांना पोस्टकार्डाची आठवण येऊन गहिवरून येतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मात्र एकशे साठ जागा इंग्रजी अक्षरांसाठी. देवनागरीत लिहिलं की सत्तरच. कारण आपल्या प्रत्येक अक्षराला तांत्रिकदृष्ट्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'शेतकऱ्यांच्या' हा एक शब्द तेरा जागा खातो. सत्तरातल्या तेरा. वर त्या काळातल्या बऱ्याच फोनांवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. तर मग मराठी माणसानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली ती काही भाषेशी गद्दारी म्हणून केली नाही. पैसे वाचवायला केली. 'जे' पुढे इंग्रजी एकचा आकडा, वाचायचं 'जेवन'. 'झालं का' जोडलं की चौकशी पूर्ण. दोनच्या आकड्यापुढे 'ला' लावला की 'तुला'. कुणी पोरगा हे पुस्तकातून शिकला नाही. हिशोबात बसवता बसवता त्याच्या हातून झालं.

जागेइतकीच पैशाची मोजदाद होती. दिवाळी-दसऱ्याला कंपन्यांचे स्वस्त पॅक चालत नसत, म्हणून शुभेच्छा आदल्या दिवशी पाठवायच्या. २०११ मध्ये ट्रायनं जाहिरातींना आळा म्हणून दिवसाला आधी शंभर आणि मग दोनशे मेसेजची मर्यादा घातली, तेव्हा आमच्या दुकानात कॉलेजच्या पोरांनी शोकसभाच भरवली होती. आणि ज्याच्याकडे मेसेजचेही पैसे नसत त्याच्याकडे मिसकॉल होता. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव, घरच्याघरी ठरलेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फोन फुकट झाला, आणि हे सगळं काही महिन्यांत विरलं.

पण त्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत एक गोष्ट घडून गेली, ती माझ्या टेबलावर मला अजून दिसते. जुन्या सिमवर दहा-वीस मेसेज मावायचे, साध्या फोनमध्ये त्याहून थोडे जास्त. इनबॉक्स भरला की नवा मेसेज आत येत नसे, बाहेर पाकीट लुकलुकत राहायचं. मग माणूस बसून ठरवायचा, कोणता उडवायचा आणि कोणता ठेवायचा. दर आठवड्याला संपादन. हाल सातवाहनानं कोटी गाथांमधून सातशे निवडल्या असं गाथासप्तशतीतच म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच दोन-दोन ओळींच्या गाथांचा पुरावा आपण छाती पुढे काढून दाखवला. त्या गाथांमध्ये काय आहे? शेतं, नदीकाठ, परगावी गेलेला नवरा, दूतीबरोबर धाडलेला निरोप. माझ्याकडे बंद पडलेला नोकिया घेऊन येणारी बाई 'फोन गेला तं जाऊ द्या, मेसेज काढून द्या' म्हणते, तेव्हा तिच्याही हातात निवडून ठेवलेलं काहीतरी असतं.

त्यातले थोडे इथे देतो. ज्यांचे आहेत त्यांना विचारून, नावं-गावं गाळून. मूळ इंग्रजी अक्षरांत होते, मी देवनागरीत आणले आहेत. बाकी काही सुधारलेलं नाही.

नवरा लिहितो: 'लाईन राती १ची हाय. वावरात चाल्लो. कडी लावून घेजो.'

बायको: 'बॅटरी नेली काय'

नवरा: 'हाव'

बाहेरच्या वाचकासाठी सांगावं लागेल. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असली की एक वाजता उठून हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला जावं लागतं. धुऱ्यावर साप, काकरीत रानडुकरं, मध्येच रोह्यांचा कळप. बॅटरी म्हणजे हातातला टॉर्च. आता पुन्हा वाचा. पहिल्या मेसेजात तो स्वतःच्या जिवाबद्दल एक अक्षर बोलत नाही, तिला घराची कडी लावायला सांगतो. ती कडीबद्दल काही बोलत नाही, त्याच्या हातातल्या उजेडाबद्दल विचारते. भीती दोघांपैकी कुणीच लिहिलेली नाही. पहिला मेसेज देवनागरीत मोजला तर एकोणपन्नास जागा होतात, सत्तरात एकवीस उरतात. त्या उरलेल्या जागेत माणूस आणखी काही घालू शकला असता आणि त्यानं घातलं नाही, याला मी शैली म्हणतो. तिनं तो शेवटचा 'हाव' सुद्धा ठेवला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, 'असंच.'

दुसरा, कापूस विकायला गेलेल्या बापाचा, घरी पोराला: 'गाडी खाली नाई झाली. जिनिंगवरच झोपतो. चुकारा उद्या.' चुकारा म्हणजे मालाचे पैसे. तीन वाक्यं, तिन्हीत एकेक अडचण, आणि तक्रार कशाचीच नाही. तिसरा, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून भावानं नागपूरच्या बहिणीला केलेला: 'माय पेज पेली. तू येऊ नोको.' आदल्या चार दिवसांत काय काय झालं असेल ते या पेजेवरून ओळखायचं.

हे सगळं वऱ्हाडीत आहे, आणि मला इथेच जरा थांबायचं आहे. वऱ्हाडी छापून आली ती बहुतेक वेळा हसवायला. आमचे शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' घेऊन उभे राहिले की सभागृह लोटपोट व्हायचं, आणि मग कवितेत तोच माणूस डोळ्यांत पाणी आणायचा. ती ताकद त्यांची होती, विठ्ठल वाघांची होती. पण सिनेमात, मालिकेत, गॅदरिंगच्या नाटकात वऱ्हाडी बोलणारा म्हणजे हमखास गडी नाहीतर विनोदी पात्र. शाळेत 'मले' म्हटलं की गुरुजी 'मला' म्हणायला लावणार. त्यामुळे गंभीर काही लिहायचं तर प्रमाणभाषेत, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्या समजूत. अर्ज प्रमाणभाषेत, पत्रही 'आपणांस कळविण्यास आनंद होतो की' अशा थाटात. मेसेजमध्ये पहिल्यांदाच साध्या माणसानं दवाखाना, वीज, कापसाचा भाव, भांडण, समजूत हे सगळं वऱ्हाडीत लिहून काढलं, आणि कुणी हसलं नाही. कारण वाचणारा एकच होता आणि तोही वऱ्हाडीच होता.

हीच गोष्ट पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवरच्या गोरमाटीची, आणि झरी-जामणी, केळापूर, मारेगावकडच्या कोलामीची. कोलाम पोरं माझ्याकडे येतात, त्यांच्या ग्रुपवर कोलामी देवनागरीत लिहिलेली असते. स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. भाषातज्ज्ञांना त्याचा वैताग येईल, मला गंमत वाटते. ज्या भाषेला स्वतःची लिपी नाही, शाळा नाही, ती पोरांच्या अंगठ्यातून रोज लिहिली जाते आहे.

'पण हे काटकसरीचं, तुटक लिहिणं म्हणजे साहित्य कसं?' असा प्रश्न येईल. मराठीला तुटकपणा नवा असल्यासारखा आव कशाला? आपल्या आजोबांच्या पत्राची सुरुवात 'ती. स्व.' नाहीतर 'सा. न. वि. वि.' नं व्हायची आणि शेवट 'लो. अ. ही वि.' नं. पोरांच्या 'जे१'ला हसणाऱ्यांनी ही अक्षरं उलगडून दाखवावीत. १७६१ मध्ये पानिपतचं वर्तमान नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचलं ते सावकारी पत्रातून, मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा अशा हिशोबी भाषेत. एक अख्खी पिढी कापली गेल्याचं दुःख नाण्यांच्या यादीत बसवलेलं. अडीचशे वर्षं आपण ते पत्र सांगतो आहोत, आणि त्याहून लांब बखरी कपाटात आहेत. तारेचंही तसंच. शब्दागणिक पैसे, ठरावीक शुभेच्छांना ठरावीक आकडे, आणि खेड्यात 'तार आली' एवढ्यावरच बायका रडायला लागायच्या. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे अग्रलेख लिहिले. तारेचं जे काम होतं ते तोवर मेसेजनं केव्हाच उचललं होतं, त्यावर मात्र कुणी लिहिलं नाही.

पत्रांबद्दल तर आपण फारच मोठ्या मनाचे. जी. एं.ची निवडक पत्रं खंड काढून छापली गेली, सुनीताबाईंचं 'प्रिय जी. ए.' लोकांनी जपून वाचलं. एका माणसानं एकाच माणसाला उद्देशून लिहिलेला मजकूर साहित्य असू शकतो, हे आपण मान्य केलेलं आहे. अट एवढीच दिसते की लिहिणारा आधीपासून लेखक असावा.

जगात याचे प्रयोग झाले आहेत. इंग्लंडच्या 'गार्डियन'नं २००१ मध्ये मेसेज-कवितेची स्पर्धा घेतली होती. जपानात मुलींनी लोकलमध्ये बसून मोबाइलवर कादंबऱ्या लिहिल्या. २००७ साली तिथल्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच अशा मोबाइलवर जन्मलेल्या होत्या. हे वाचून आपल्याकडचे प्रकाशक 'व्हॉट्सअ‍ॅप कादंबरी' काढायला निघतात, ते मला पटत नाही. जपानी कादंबरी हजारोंसाठी लिहिलेली होती, फक्त हत्यार मोबाइलचं होतं. आमच्या शेतकरी नवऱ्याच्या मेसेजला वाचक एक. ताकद तिथून येते. त्याची पन्नास प्रकरणं करायला गेलात की उरतं ते कथानक.

फॉरवर्डला मी सरसकट शिव्या देतो असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या यवतमाळात झालं. त्याआधीचं इथलं संमेलन १९७३ चं, गदिमा अध्यक्ष. या वेळी अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. त्या आल्या नाहीत, त्यांचं न झालेलं भाषण मात्र वर्तमानपत्रांतून आणि फोनाफोनावरून गावात पोचलं. मांडवात जागा नाही मिळाली, इनबॉक्समध्ये मिळाली. शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या या पत्नीचं बोलणं समोर एकच माणूस बसला आहे असं समजून केल्यासारखं होतं. म्हणूनच ते व्हिडिओतून, मेसेजमधून इतकं फिरलं असं मला वाटतं. त्या तीन दिवसांत झालेले परिसंवाद कुणाला आठवतात?

तरीही फॉरवर्डचा साधारण हिशोब नुकसानीचाच. पाटणकरांचं नाव पुसलं जातं ते तिथेच. नाव चिकटवण्याचा उद्योग तसा जुना आहे म्हणा. 'तुका म्हणे' लावून भलत्यांनी रचलेले अभंग गाथेतून वेगळे काढताना अभ्यासकांची हयात गेली. फरक हा की तेव्हा चिकटवणाऱ्याला निदान अभंग रचावा लागत होता.

आता धोका वेगळाच आला आहे, आणि तो मी रोज दुरुस्त करतो. नव्या फोनचा कीबोर्ड शहाणा आहे. गिऱ्हाईक 'मले' लिहितो, तो 'मला' करतो. 'हाय' चं 'आहे', 'नोको' चं 'नको'. गुरुजींना जे तीस वर्षांत जमलं नाही ते या पट्टीनं दोन वर्षांत करत आणलं. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते, 'पोराले वाटते मी कोणाकून लिहून घेतो.' मी सेटिंगमध्ये जाऊन सुधारणा बंद करून दिली, पैसे घेतले नाहीत. पण किती जणांना ते बटण माहीत आहे? शिवाय आता बरेच लोक लिहितच नाहीत, आवाज टाकतात. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे, तिला नाक मुरडायचं कारण नाही. पण पाच मिनिटांच्या आवाजात माणूस पाल्हाळ लावतो, सत्तर जागांत लावता येत नव्हता. तिसरी गोष्ट, सात दिवसांत आपोआप नाहीसे होणारे मेसेज. निवडून ठेवायचा प्रश्नच मिटला.

म्हणून माझी एक सूचना आहे, विदर्भातल्या दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि १९२३ मध्ये स्थापन होऊन शंभरी ओलांडलेल्या विदर्भ साहित्य संघालाही. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण कथा, कविता, वात्रटिका, भविष्य, सगळ्याला पानं दिली. येत्या अंकात चार पानं मेसेजला द्या. लोकांकडून त्यांचे जुने निरोप मागवा, दोन्हीकडची परवानगी घेऊन, नावं झाकून. फॉरवर्ड चालणार नाही, सुविचार चालणार नाहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छा तर मुळीच नाहीत. एकानं एकाला लिहिलेलं हवं, देवनागरीत सत्तर जागांच्या आत. वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी, काहीही चालेल, शेजारी अर्थ द्यावा. मागे कोण, कुठून, कशासाठी लिहीत होता ते दोन ओळींत, आमच्या लाईनच्या पाळीसारखं. ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. त्या चार पानांपुरती मुद्रितशोधकाला सुट्टी द्यावी. आणि एक पान पाटणकरांचं, त्यांच्या नावासकट. बंद पडलेल्या फोनमधून मेसेज काढायचं काम यवतमाळात मी करून देईन, त्याचे पैसे पडणार नाहीत. बॅटरी फुगलेली असली तर तेवढी ज्याची त्यानं आणावी.